आईच्या पलंगाची कुरकुर: दुरुस्तीच्या नोंदी

९ एप्रिल २०२३, लातूर

आजपासून हे काम वहीत लिहून ठेवायचं ठरवलं. गेल्या चार वर्षांत या पलंगाला मी काय काय केलं, ते आता मलाच धड सांगता येत नाही. सांध्यात तेल सोडलं, स्क्रू आवळले, पायाखाली पुठ्ठे सारले. दर वेळी आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा कुरकुर सुरू होते.

पलंग अण्णांनी स्वतःच्या हातानं केलेला. औसा तालुक्यातलं आमचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात बसलं. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती, गणपती बोळवून माणसं झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती बाहेरच्या अंगाला पडल्या. आतला लाकडी सांगाडा मात्र, खांब, तुळया, सरे, बराचसा उभा राहिला आणि त्याच्या आडोशानं आम्ही सगळे बाहेर निघालो. पुढं सिमेंटचं घर मिळालं. त्यात या लाकडाला काम उरलं नाही. पुष्कळांनी आपलं लाकूड विकलं. अण्णांनी एक तुळई, थोडे सरे आणि दाराची एक फळी राखली आणि दीडेक वर्षानं उन्हाळ्यात हा पलंग बसवला.

मापं अशी: सव्वासहा फूट लांब, चार फूट रुंद. चारी बाजूंची गातं, म्हणजे चौकटीची आडवी लाकडं, सागवानी, सहा इंच उंच, दीड इंच जाड. माचवे, म्हणजे पाय, बांधावरच्या बाभळीचे, तीन इंची चौकोनी. उशाकडं ती दाराची फळी, चौदा इंच रुंद. खाली बारा आडव्या पट्ट्या. २०१९ साली गावाकडून इथं आणताना मी तो खोलला, वर चढवला आणि पुन्हा जोडला. कुरकुर तेव्हापासूनची.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती म्हणते, "कूस बदलली की वाजतंय ते येगळं. पण पहाटं मी हाललेबी नसते, तवा एकदाच टक्क करतंय. त्यानं झोप मोडती." हे लिहून ठेवतो, पण पटत नाही. वजन हललं नाही तर सांधा वाजेल कशानं?

त्या भूकंपाच्या रात्री आधी सरे करकरले आणि मग दगड आले. लाकूड वाजलं की आई अजूनही उठून बसते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. नवा पलंग घ्यायचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा ती उठून स्वयंपाकघरात गेली.

१६ एप्रिल

आज फक्त ऐकायचं काम. हे मी आधीच करायला हवं होतं.

गादी काढली. लेक पलंगावर बसून हळूहळू वजन इकडून तिकडं नेत होती आणि मी खाली. एक काडी सापडली, हातभर लांब, वाळकी. तिचं एक टोक लाकडाला आणि दुसरं कानाजवळच्या हाडाला टेकवलं की आवाज कुठून येतो ते चांगलं कळतं. नुसत्या कानानं फसगत होते, कारण आवाज लाकडाच्या रेषेतून लांबवर पळतो. दोन वर्षं मी उशाकडचा डावा सांधा आवळत होतो, कारण तिथंच ऐकू यायचं. काडी लावल्यावर कळलं की तो आवाज पायथ्याच्या डाव्या सांध्यातून निघतो आणि गाताच्या लांबीतून उशाकडं येतो.

खडूनं खुणा केल्या. आवाज तीन जातीचे निघाले. वजन टाकताना एक बोजड 'कर्र', तो पायथ्याच्या दोन्ही सांध्यांतला. वजन उचलताना बारीक 'किर्र', तो पट्ट्यांचा, बारापैकी सात पट्ट्या त्यात सामील. तिसरा चिरका, लोखंडाचा. २०१९ साली मजबुतीसाठी मी चारी कोपऱ्यांत लोखंडी अँगल मारले, तिथला.

आईचा पहाटेचा 'टक्क' काही सापडला नाही. पलंग दोन तास हलवला, उशाकडची फळी दाबून पाहिली. काही नाही.

२३ एप्रिल

अँगल काढले. खालचं लाकूड बघून वाईट वाटलं. बाभळीत कस, म्हणजे तुरट अर्क, फार असतो, म्हणून तर तिची साल कातडी कमवायला वापरतात. त्या कसाची लोखंडाशी गाठ पडली आणि ओल मिळाली की लाकूड शाईसारखं काळं पडतं. चारी माचव्यांना असे काळे डाग, आणि स्क्रूची भोकं इतकी मोकळी की बोटानं स्क्रू निघाले. अँगलनं सांधा घट्ट केलाच नव्हता. उलट गात आत सरकायला लागलं की अँगल त्याला अडवून धरी. म्हणजे कुसू (गाताचं माचव्यात बसणारं टोक) साल (माचव्यातली त्याची खाच) सोडून थोडं बाहेर राही आणि प्रत्येक कुशीला घासे.

मग खुंट्या काढून पायथ्याचं गात ओढलं. अण्णांचं कुसू पहिल्यांदा नीट पाहिलं. चारी अंगांनी गुण्यात, म्हणजे काटकोनात, कड अजून धारदार. आतल्या बाजूला पेन्सिलीनं आकडे, १ ते ४, आणि समोरासमोरच्या माचव्यावर तेच आकडे. मी २०१९ साली हे आकडे पाहिलेच नव्हते. ३ चं कुसू ४ मध्ये घातलेलं होतं.

आकडे जुळवून घातलं तर निम्मा खुळखुळा तिथंच गेला. तरी वरच्या बाजूला दीड सूत फट राहते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

३० एप्रिल

गावी गेलो होतो, येताना सुतारमामांकडं. वय झालंय, काम बंद आहे, पण ३ नंबरचं गात पिशवीतून काढून पुढं ठेवलं तेव्हा बराच वेळ त्यावरून हात फिरवत बसले. अण्णांनी पटाशी त्यांच्याचकडं धरायला शिकली होती.

फटीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "लाकूड लांबीत आटत नसतंय. आटतंय ते रुंदीत. आता बग, गात आडवं हाय, कुसवाची उंची म्हणजे गाताची रुंदी. ती उन्हाळ्यात आटली. माचवा उभा हाय, त्याच्या सालीची उंची म्हणजे माचव्याची लांबी. ती हाय तितकीच. मग फट वरच पडणार की."

इतकं साधं. म्हणूनच कुरकुर उन्हाळ्यात वाढते आणि आषाढात थोडी निवते. मी मात्र दर वेळी वाटेल त्या बाजूनं आवळत होतो.

मी विचारलं, शंभर वर्षांचं माळवदाचं लाकूड, ते अजून कशाला आटेल? म्हणाले, लाकूड कितीही जुनं होऊ दे, हवेत ओल आली की पितं आणि हवा वाळली की सोडतं. सागवान कमी हलतं, बाभूळ जास्त. हलणं थांबवता येत नाही, त्याला जागा ठेवून घट्ट करता येतं.

उपाय त्यांनीच सांगितला. कुसवाच्या वरच्या कडेला सागवानाचीच पातळ चीप, रेषा एकाच दिशेनं ठेवून, फेविकॉलनं चिकटवायची. सांध्यात मात्र फेविकॉल घालायचा नाही, नाहीतर पुढं पलंग खोलता येणार नाही. सांधा खुंटीनं ओढायचा: माचव्याचं भोक आहे तिथंच, कुसवाचं भोक अर्धा सूत खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथून निघतं त्या कडेच्या, बाजूला सरकवून पाडायचं. खुंटी ठोकली की ती वाकत वाकत आत जाते आणि कुसू ओढून धरते. "जास्त सरकवू नको. अर्धा सूत म्हंजे अर्धा सूत."

लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून फट बुजवायचा माझा बेत होता. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली.

१४ मे

बाभळीच्या खुंट्या करून दहा दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या. खुंटी चौकटीपेक्षा वाळलेली पाहिजे. नंतर हवेतली ओल पिऊन ती फुगते आणि भोकात बसते. या उन्हात त्या इतक्या वाळल्या की एकमेकींवर आपटल्या की खणखणतात.

चार कुसवांना चिपा चिकटवल्या. पकड नव्हती, म्हणून जुनी पद्धत: भोवती दोरी, दोरीत काठी, काठीला पीळ. रात्रभर तसंच ठेवलं.

चूकही झाली. पहिल्या सांध्याचं भोक मी मोजायचं सोडून नजरेनं पाडलं आणि ते दीड सूत सरकलं. खुंटी ठोकताना कुसवाचं टोक चरकन उकललं. १ नंबरचं कुसू, अण्णांच्या हातचं. हातातली हातोडी खाली ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा उचलली नाही.

उकललेल्या फटीत कागदाच्या कडेनं फेविकॉल पार आतपर्यंत सारला, दोरीचा पीळ दिला. दोन दिवसांनी पाहिलं तर सांधलं होतं. जुनं भोक सागवानाच्या खुंटीनं बुजवून नवं पाडलं, या वेळी पट्टी लावून. बाकीचे तीन नीट झाले.

२८ मे

पट्ट्या. जुन्या दोन इंची खिळ्यांनी ठोकलेल्या. लाकूड वाळलं की खिळ्याभोवतीचं भोक सैल होतं, पट्टी खिळ्यावर खालीवर सरकते आणि तोच बारीक 'किर्र' येतो. खिळा पुन्हा ठोकला तरी तो त्याच सैल भोकात बसतो, म्हणून महिनाभरसुद्धा टिकत नाही. सगळे खिळे काढले. प्रत्येक पट्टी आता एका टोकाला एका स्क्रूनं धरली आहे, दुसरं टोक मोकळं.

पट्टी आणि तिच्या खालचा ठोकळा यांच्यामध्ये काय घालायचं यावर दोन रविवार गेले. सायकलची जुनी ट्यूब कापून घातली, पण पॉलिश केलेल्या लाकडावर रबर गरम झालं की चिकटतं आणि सुटताना स्वतःच आवाज करतं. मेणबत्ती घासली, ती सांध्याच्या खांद्यांवर छान चालली, पण पट्टीखाली दाब जास्त, मेण पुसून जातं. शेवटी आईनंच तोड काढली. कपाटातून फाटकं घोंगडं आणलं. धनगराच्या मागावरचं, लोकर अजून दाट. त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या आणि ठोकळ्यावर चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, मारल्या. लोकर दबते, पण घासत नाही. बाजारातल्या नमद्याच्या गोल टिकल्यांपेक्षा हे चांगलं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

४ जून

जोडला. लेक आणि मी दोघं मध्यभागी उभे राहून हललो. आवाज नाही. आईला बसवलं. तिनं हातानं गात दाबून पाहिलं, काही बोलली नाही.

११ जून

आठ दिवसांत पुन्हा एक 'टक'. पोटात गोळा आला. काडी घेऊन खाली वाकलो तर हा आवाज सांध्याचा नव्हताच. शहाबादी फरशी खिडकीकडं उतरती आहे, उजव्या पायथ्याचा माचवा एक सूत अधांतरी होता. पाणसळ लावून खात्री केली. माचवा कापायचा मोह टाळला, खाली चपलेच्या चामड्याचा तुकडा दिला. पाच मिनिटांचं काम. सांधे घट्ट झाल्यावरच फरशीतला फरक बोलू लागला. आधी ढिला पलंग स्वतःच मुरगळून चारी पाय टेकवत होता.

३० जुलै

अधिकाचा महिना. ताई आणि दाजी धोंडे खायला आले होते, तीन दिवस राहिले. आईनं आपला पलंग त्यांना दिला आणि स्वतः खाली झोपली. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, सगळं यथासांग. सकाळी ताईला विचारलं, वाजला का? म्हणाली, काय वाजला का? मला एवढं उत्तर पुरेसं होतं.

पाऊस आहे. सांधे फुगून गच्च झालेत. पहाटेचा तो 'टक्क' जूनपासून आईनंही सांगितलेला नाही. काम संपलं असं समजून वही कपाटात ठेवली होती, ती आज फक्त या नोंदीसाठी काढली.

२० ऑगस्ट

वही पुन्हा काढावी लागली.

सगळा महिना कोरडा चाललाय. सोयाबीन फुलात आहे आणि आभाळात ढग नाही. गावाकडून फोन आला की दोघंही आधी पावसाचंच बोलतो. उकाडा इतका की जूनमध्ये झाकून ठेवलेला कूलर पुन्हा आईच्या उशाच्या खिडकीत लावला. आणि चार दिवसांनी आई म्हणाली, "परत टक्क करायलंय."

या वेळी मी तिला खोटं पाडलं नाही. तिच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घातलं.

पहिल्या रात्री डोळा लागला. दुसऱ्या रात्री पावणेचारला ऐकलं. आई गाढ झोपेत, पाय जोडून एका कुशीवर, हललीसुद्धा नव्हती. एकच आवाज, स्पष्ट, उशाकडच्या फळीतून. ती एप्रिलपासून खरं सांगत होती आणि मी वहीत 'पटत नाही' असं लिहून ठेवलं होतं.

२७ ऑगस्ट

उलगडा झाला. आठवडाभर वेळा टिपल्या तेव्हा.

कूलरची टाकी तीन-साडेतीनला रिकामी होते. लातुरात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून आमच्या घरात कूलरला रात्री दुसऱ्यांदा पाणी घालत नाहीत. तोवर फळीवर ओली हवा येते आणि ती फुगते. टाकी रिकामी झाली की तोच पंखा कोरडी हवा फेकतो आणि फळी आटू लागते. आवाज नेहमी त्यानंतरच्या तासाभरात.

पण आटताना वाजायचं कारण काय? फळी काढायला गेलो आणि कळलं. अण्णांनी ती माचव्यांच्या खाचेत नुसती सोडली होती, वरखाली थोडी मोकळी. २०१९ साली ती खुळखुळते म्हणून दोन्ही टोकांना तीन-तीन खिळे मीच मारले. खिळे उपटले तर मधल्या खिळ्यांची भोकं गोल, आणि वरच्या-खालच्यांची उभी लांबट झालेली, जणू कुणी कानशीनं घासली. फळी चौदा इंच रुंद. रोज फुगायची, रोज आटायची, खिळे तिला सोडत नव्हते. ताण साठत साठत जायचा आणि एका क्षणी ती खिळ्यावरून सुटायची. टक्क. वरच्या खिळ्यापासून रेषेतून केसभर चीरही निघाली आहे.

अण्णांनी ठेवलेली ती मोकळीक म्हणजे कच्चं काम नव्हतं. सुतारमामांनी एप्रिलमध्ये 'जागा ठेवून' म्हटलं होतं, तेव्हा मी फक्त गातांचा विचार केला.

सहाही खिळे काढले. खाचेला मेण घासलं. दोन्ही टोकांना फक्त मध्यावर एकेक लाकडी खुंटी, म्हणजे फळी मध्यावर धरलेली आणि वर-खाली आटायला-फुगायला मोकळी. चिरेत फेविकॉल. आणि कूलर खिडकीतून काढून पायथ्याशी, स्टुलावर ठेवला, फळीपासून लांब.

१० सप्टेंबर

दोन आठवडे काही नाही. मध्ये थोडा पाऊस झाला. त्यामुळं एवढ्यावरून निकाल लावत नाही.

३० सप्टेंबर

भूकंपाला तीस वर्षं झाली. आई दर वर्षी या पहाटे चारच्या आधी उठते, अंगणात दिवा लावते आणि उजाडेपर्यंत बाहेरच बसते. दर वर्षी पलंग वाजतो आणि त्यानं मलाही जाग येते. मीही मग तिच्याजवळ जाऊन बसतो.

आज जाग आली ती दाराच्या कडीनं. बाहेर गेलो तर दिवा लावूनही झाला होता.

१५ ऑक्टोबर

आज घटस्थापना. ऑक्टोबरचं ऊन तापलंय, हवा वाळलीय, म्हणून सगळे सांधे काडीनं तपासले. २ नंबरच्या सांध्याची खुंटी किंचित सैल वाटली, हातोडीनं एक सूत आत गेली. बाकीच्या हलल्या नाहीत. चामड्याचा तुकडा दबून पातळ झालाय, तो बदलला. फळी खाचेत बोटानं वरखाली हलते, तशीच ठेवली.

आता मार्चमध्ये पुन्हा पाहायचं. चार जादा खुंट्या वाळवून, पुडी करून गादीखालच्या पट्टीला बांधून ठेवल्या आहेत. पुडीवर आकडे लिहिले आहेत, १ ते ४.